नकार द्यायचाच असेल, तर पैसे घेण्याआधी द्या

प्रति,
मा. अध्यक्ष, भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, हैदराबाद
तसेच परदेश प्रवास विमा विकणाऱ्या सर्व कंपन्यांचे मुख्य अधिकारी

विषय : धोक्याच्या ठिकाणी जाणाऱ्या प्रवाशांचा विमा

महोदय,

स. न. वि. वि.

पुण्यातून परदेश प्रवासाचा विमा काढायला आता पाच मिनिटे पुरतात. जगाचा भाग निवडायचा, जाण्या-येण्याच्या तारखा आणि वय टाकायचे, पन्नास हजार डॉलरचे संरक्षण हवे की अडीच लाखांचे ते ठरवायचे आणि पैसे भरायचे. पॉलिसी लगेच ईमेलवर येते. या सगळ्यात दोन प्रश्न बहुतेक ठिकाणी विचारलेच जात नाहीत : नेमके कुठे जाणार, आणि किती उंचीवर जाणार? बँकॉकची सहल, एव्हरेस्ट बेस कॅम्पचा ट्रेक आणि इराकमधल्या करबला-नजफची जियारत (तीर्थयात्रा) अशा तिन्ही प्रवासांना अनेकदा ‘आशिया’ ही एकच चौकट लागू होते. वय आणि दिवस सारखे असतील तर हप्ताही सारखाच. फरक कळतो तो दावा केल्यावर, कारण तेव्हा पॉलिसीच्या मागल्या पानांवरचे एखादे कलम पुढे केले जाते.

हे पत्र लिहिणारे आम्ही पुण्यातले विमा सल्लागार, सहल-संयोजक आणि ट्रेक नेणारे लोक आहोत. पॉलिसी आमच्या हातून दिली जाते आणि काही बिनसले की घरच्यांचा पहिला फोन आम्हालाच येतो. कंपन्यांनी वाटेल तो धोका पत्करावा असे आम्ही म्हणत नाही. कोणता धोका घ्यायचा आणि कोणता नाही, हे ठरवणे हा त्यांचा धंदा आहे. पण नकार द्यायचा असेल तर तो हप्ता घेण्याआधी, लेखी आणि ग्राहकाला कळेल अशा भाषेत दिला पाहिजे. आजची पद्धत नेमकी याच्या उलट आहे.

आधी उंचीचे घेऊ, कारण पुणेकरांचा प्रश्न मुख्यतः तिथेच आहे. रविवारी पहाटे सिंहगडावर पाठीवरच्या सॅकमध्ये पाण्याने भरलेल्या बाटल्या घेऊन चढणाऱ्यांतले बरेचजण नेपाळच्या तयारीत असतात. बेस कॅम्पची वाट लुक्लाला २,८६० मीटरवर सुरू होते. पुढे नामचे ३,४४०, डिंगबोचे ४,४१०, लोबुचे ४,९४०, गोरक्षेप ५,१६४ आणि शेवटी बेस कॅम्प ५,३६४. आता समजा, पॉलिसीत ट्रेकिंगला ४,५०० मीटरची मर्यादा आहे. म्हणजे डिंगबोचे सोडून लोबुचेकडे निघालात की विमा संपला. फुफ्फुसात किंवा मेंदूत पाणी होण्याची भीती वाढते ती याच टप्प्यापासून वर. जिथे विम्याची गरज सर्वांत जास्त, तिथेच तो नाही.

ही मर्यादा मोजायची कशी, हेही बहुतेक पॉलिसींत सांगितलेले नसते. प्रवाशाला त्रास झाला ती जागा धरायची, की त्याच्या कार्यक्रमातली सर्वांत उंच जागा? दोन्ही अर्थ निघतात. फुफ्फुसात पाणी होण्याचा त्रास उंचीवर पोहोचल्या पोहोचल्या होतोच असे नाही. तो बहुधा दोन ते चार दिवसांनी आणि रात्री डोके वर काढतो. माणूस बेस कॅम्पला जाऊन फेरिचेपर्यंत, म्हणजे साडेचार हजारांच्या खाली उतरला आणि तिथे त्याला धाप लागली, तर तो मर्यादेच्या आत धरायचा की बाहेर? कागदावर उत्तर नसले की ते कंपनी ठरवते, आणि कंपनीच्या बाजूने ठरवते. शिवाय उंची कुणाची प्रमाण मानायची? आपल्याच खारदुंग ला खिंडीतल्या पाटीवर वर्षानुवर्षे १८,३८० फूट लिहिलेले होते. जीपीएसने मोजल्यावर ती १७,६०० फुटांच्याही आतच भरते.

पुढचा घोळ ‘गिर्यारोहण’ या व्याख्येचा. कित्येक पॉलिसींत ‘दोर किंवा गाईड लागेल असे गिर्यारोहण’ वगळलेले असते. हे शब्द बहुधा युरोपातल्या हिमशिखरांच्या काळातून उचललेले आहेत. इकडे नेपाळने १ एप्रिल २०२३ पासून परदेशी ट्रेकर्सना परवानाधारक गाईड घेणे सक्तीचे केले. म्हणजे गाईड न घेता गेलात तर नेपाळचा नियम मोडला, आणि घेऊन गेलात तर पॉलिसीच्या शब्दांप्रमाणे ‘गिर्यारोहण’ केले! अन्नपूर्णा बेस कॅम्पची, ४,१३० मीटरपर्यंतची वाट ही दगडी पायऱ्यांची पायवाट आहे. तिथे दोर कुणी काढत नाही. पण वर्गवारी करणाऱ्या कारकुनाला पायवाट दिसत नाही, कलम दिसते.

महोदय, आपल्या प्राधिकरणाने हा गुंता आरोग्य विम्यात एकदा सोडवलेला आहे. २०१९ मध्ये आरोग्य विम्यातल्या वगळण्यांची भाषा आपण सर्व कंपन्यांसाठी एकसारखी केली. साहसी खेळांचे कलम ‘व्यावसायिक म्हणून भाग घेतल्यास’ एवढ्यापुरते आवळले. म्हणून हरिश्चंद्रगडावर पाय मोडलेल्या हौशी ट्रेकरच्या उपचारांचा खर्च त्या कलमावर बोट ठेवून नाकारता येत नाही. पण त्या मार्गदर्शक सूचनांतून वैयक्तिक अपघात विमा आणि देशी-परदेशी प्रवास विमा वगळले गेले. माणूस तोच, छंद तोच आणि कंपनीही तीच असू शकते. सीमा ओलांडली की नियम बदलतो. याचे कारण आम्हाला तरी सापडलेले नाही.

उंचीचा त्रास हा ‘अपघात’ नाही, ही त्यातली आणखी एक मेख. अपघाती मृत्यूचे संरक्षण बाहेरून झालेल्या, अचानक आणि दिसून येणाऱ्या इजेसाठी असते. फुफ्फुसात पाणी होऊन माणूस गेला तर तो आजार ठरतो आणि ‘अपघाती मृत्यू : पंचवीस हजार डॉलर’ या ठळक ओळीतले काहीही घरच्यांना मिळत नाही. माहितीपत्रकात ती ओळ मोठ्या अक्षरांत असते. त्याखाली ‘उंचीमुळे होणारे आजार यात येत नाहीत’ असे एक वाक्य टाकायला किती जागा लागते?

हेलिकॉप्टरबद्दल कंपन्यांना जी शंका आहे, ती रास्त आहे. २०१८ मध्ये नेपाळ सरकारच्या चौकशीतच बचावाच्या नावाखाली गरज नसताना केलेली उड्डाणे आणि फुगवलेली बिले उघड झाली. पण त्यावरचा उपाय प्रामाणिक रुग्णाला तिष्ठत ठेवणे हा नव्हे. प्रत्यक्षात असे होते : हेलिकॉप्टर कंपनी पैशांची हमी मिळाल्याशिवाय उडत नाही, हमी विमा कंपनीच्या मदत केंद्राने द्यायची असते, मदत केंद्र वैद्यकीय कागद मागते, आणि ते येईपर्यंत खोऱ्यात दुपारचे ढग भरतात. उड्डाण गेले दुसऱ्या सकाळवर. म्हणून काय पाठवायचे याची यादी आधीच पॉलिसीसोबत दिलेली असावी : पॉलिसी आणि पासपोर्टचा क्रमांक, नेमकी जागा आणि तिची उंची, लक्षणे कधीपासून आहेत, बोटाला लावायच्या यंत्रावरचे ऑक्सिजनचे आकडे वेळेसह, आणि जवळच्या आरोग्य केंद्राची चिठ्ठी. फेरिचे आणि मनांग इथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनची केंद्रे हंगामात चालू असतात, तिथल्या डॉक्टरांची चिठ्ठी कंपन्यांनी पुरेशी मानावी. उड्डाण झाल्यावर बिल, प्रवाशांची यादी आणि काठमांडूच्या रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड तपासायला हवा तेवढा वेळ घ्या.

आता युद्ध आणि दंगली. युद्ध, आक्रमण, यादवी हे जवळजवळ प्रत्येक पॉलिसीत वगळलेले असते. जो जाणूनबुजून रणभूमीवर जातो, त्याच्याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. पण माणूस शांत देशात उतरला आणि नंतर तिथे पेटले, तर? गेल्या काही वर्षांत हे वारंवार झाले आहे. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनचे आकाश बंद झाले, तेव्हा महाराष्ट्रातली वैद्यकीय शाखेची मुले तिथल्या वसतिगृहांत होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये इस्राएलहून भारतीयांना ‘ऑपरेशन अजय’मधून आणावे लागले, जून २०२५ मध्ये इराण आणि इस्राएलहून ‘ऑपरेशन सिंधू’मधून. त्याच महिन्यात कतारचे आकाश काही तास बंद झाले आणि युद्धाशी काडीचा संबंध नसलेले, युरोपातून परतणारे प्रवासीही वाटेत अडकले. ९ सप्टेंबर २०२५ ला काठमांडूचा त्रिभुवन विमानतळ बंद झाला. या प्रवाशांनी कोणता धोका ओढवून घेतला होता?

‘आधीच माहीत असलेली घटना’ हे कलम इथे वापरले जाते. तत्त्व बरोबर आहे : घर पेटल्यावर आगीचा विमा मिळत नाही. पण घटना ‘माहीत’ कधी झाली, ते ठरवायचे कुणी? कीव्हमधल्या भारतीय दूतावासाने १५ फेब्रुवारी २०२२ ला भारतीयांना, विशेषतः ज्यांचे राहणे अत्यावश्यक नाही अशा विद्यार्थ्यांना, तात्पुरते देश सोडण्याचा विचार करा असे सांगितले. वर्ग चालू असलेल्या विद्यार्थ्याचे राहणे अत्यावश्यक की अनावश्यक? ब्रिटनचे परराष्ट्र खाते ‘अत्यावश्यक असल्याखेरीज जाऊ नका’ आणि ‘अजिबात जाऊ नका’ अशा दोन स्पष्ट पायऱ्या वापरते. अमेरिका एक ते चार अशी श्रेणी देते. आपले परराष्ट्र मंत्रालय श्रेणी देत नाही, निवेदन काढते. त्यातून काही पॉलिसींत नुसते ‘सरकारी सूचना’ असे लिहिलेले असते. कोणत्या सरकारची, कोणत्या तारखेची, अख्ख्या देशासाठी की एका प्रांतासाठी, काहीच नाही. अमेरिकेची श्रेणी प्रमाण मानायची म्हटली, तर लडाखचा भाग सोडून जम्मू-काश्मीर चौथ्या पायरीवर आहे. दर उन्हाळ्यात तिथे जाणारी मराठी कुटुंबे मग ‘अजिबात जाऊ नका’ या यादीत बसतील.

जर्मनीच्या अपघात विम्याच्या नमुना अटींत यावर एक साधा तोडगा आहे. परदेशात असताना युद्धाने अनपेक्षितपणे गाठले तर संरक्षण चालू राहते आणि युद्ध सुरू झाल्यापासून सातव्या दिवसाच्या शेवटी संपते. म्हणजे निघून येण्यासाठी मुदत दिली. त्यानंतर राहिलात तर जबाबदारी तुमची. हे आपल्याकडे का होऊ नये?

आणि हे धोके विमायोग्यच नाहीत, असे कृपया सांगू नका. होर्मुझच्या सामुद्रधुनीतून जाणाऱ्या जहाजाला युद्धजोखमीचा विमा मिळतो. लंडनच्या विमा बाजारातली जॉइंट वॉर कमिटी धोकादायक सागरी क्षेत्रांची यादी प्रसिद्ध करते. त्या क्षेत्रात शिरायचे तर जहाजमालक आधी कळवतो आणि साधारण आठवड्याच्या मुदतीसाठी जादा हप्ता भरतो. यादी उघड, किंमत आधी ठरलेली. मालमत्तेपुरता आपल्या देशातही दाखला आहे : ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर पुनर्विमा (विमा कंपन्या स्वतःसाठी काढतात तो विमा) मिळेना, तेव्हा एप्रिल २००२ मध्ये भारतीय कंपन्यांनी मिळून दहशतवाद जोखमीचा सामायिक कोश उभा केला आणि ‘जीआयसी री’ या सरकारी पुनर्विमा कंपनीकडे त्याचे व्यवस्थापन दिले. कारखान्यासाठी जे जमले, ते प्रवाशासाठी जमवून पाहायला काय हरकत आहे?

सरकारच्या दोन हातांना एकमेकांचा पत्ता नाही, याचे उदाहरण म्हणजे प्रवासी भारतीय विमा योजना. एमिग्रेशन (देशाबाहेर कामाला जाण्याची) तपासणी आवश्यक असलेल्या पासपोर्टवर कामाला जाणाऱ्या मजुराला ती सक्तीची आहे. दहा लाखांचे संरक्षण, हप्ता दोन वर्षांसाठी २७५ आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये. ज्या अठरा देशांसाठी ही तपासणी लागते, त्यांत इराक, लेबनॉन, लिबिया, सुदान, येमेन आहेत. त्याच इराकमध्ये करबलाला निघालेल्या पुण्याच्या लष्कर भागातल्या आजीला मात्र कंपनी एक तर नाही म्हणते, किंवा ‘आशिया’ची पॉलिसी देऊन इराक वगळल्याचे नंतर दाखवते. यातला दुसरा प्रकार जास्त वाईट. पहिल्यात निदान आजीला कळते.

निर्बंधांचे कलमही असेच गुपचूप असते. संयुक्त राष्ट्रे, युरोपीय संघ, ब्रिटन किंवा अमेरिकेचे निर्बंध मोडले जात असतील तर पैसे देणार नाही, असे ते म्हणते. पुनर्विमा परदेशात असल्यामुळे ते टाळता येत नाही, हे आम्ही जाणतो. पण त्याचा फटका आज कोणकोणत्या देशांत बसेल, ती नावे लिहायला कुणी अडवलेले नाही.

शेवटची तक्रार कागदांची. सामान गेले तर पोलिसांचा दाखला, उशीर झाला तर विमान कंपनीचे कारणासह पत्र, उपचार झाले तर मूळ बिले. शांत देशात हे ठीक आहे. संचारबंदी लागलेल्या शहरात पोलिस ठाण्यात जायचे कसे? आणि विमान कंपनीच्या पत्रात बहुतेक वेळा ‘परिचालन कारणास्तव’ एवढेच छापलेले असते. त्या दोन शब्दांवर दावा फेटाळला जातो. आकाश बंद असल्याची अधिकृत सूचना वैमानिकांसाठी जारी होते आणि ती सर्वांना पाहता येते. दूतावासात केलेल्या नोंदणीची पोच असते. हे पुरावे म्हणून चालायला हवेत. कागदपत्रांअभावी दावा नाकारू नये, असे सर्वसाधारण विम्याच्या २०२४ च्या परिपत्रकात आपणच म्हटले आहे. तसेच अडकलेल्या माणसाची पॉलिसी तो अडकलेला असतानाच संपते, आणि बरीचशी उत्पादने भारताबाहेर गेल्यावर नव्याने घेता येत नाहीत. काही कंपन्या मुदत आपोआप वाढवतात. पण किती दिवस, हे कंपनीगणिक वेगळे.

आमच्या मागण्या अशा आहेत.

१ एप्रिल २०२० पासून ‘आरोग्य संजीवनी’ ही एकाच नमुन्याची आरोग्य पॉलिसी जशी सर्व कंपन्यांना विकावी लागली, तशी एकसारख्या शब्दांची परदेश प्रवास पॉलिसी आणावी. तिच्यात दोर-बर्फकुऱ्हाड न लागणाऱ्या वाटांवरचे, ६,००० मीटरपर्यंतचे ट्रेकिंग जादा हप्त्यावर मिळावे. उंची म्हणजे त्रास सुरू झाला ती जागा, हे तिथेच लिहावे आणि ‘गाईड’ हा शब्द व्याख्येतून काढावा.

विक्रीच्या अर्जावर देश आणि गाठायची कमाल उंची विचारणे सक्तीचे करावे. उत्तर वगळलेल्या यादीत बसत असेल तर संगणकाने पैसे घेऊच नयेत. वगळलेल्या देशांची यादी तारखेसह संकेतस्थळावर असावी.

सूचना मानायची ती फक्त भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाची, आणि सूचना जारी होण्याच्या आधी घेतलेल्या पॉलिसीला ती लागू नसावी. ही सूचना श्रेणी लावून द्यावी, यासाठी प्राधिकरणाने मंत्रालयाला लिहावे.

युद्ध किंवा दंगलीने अनपेक्षितपणे गाठलेल्या प्रवाशाला किमान चौदा दिवसांचे संरक्षण मिळावे, आणि बाहेर पडायचा मार्ग बंद असेल तर पॉलिसी तीस दिवसांपर्यंत जादा पैसे न घेता चालू राहावी. त्यासाठी लागणारा सामायिक कोश ‘जीआयसी री’च्या मदतीने उभारता येईल का, याचा अहवाल प्रसिद्ध करावा.

फेटाळलेल्या प्रवास-दाव्यांची संख्या कारणानुसार, कंपनीनुसार दरवर्षी जाहीर करावी. आणि काय मिळणार नाही याचे एक पान मराठीत, पैसे भरण्याच्या आधी समोर यावे. मागितल्यास स्थानिक भाषेत माहिती देण्याची सोय आरोग्य विम्याच्या माहितीपत्रकासाठी आहेच.

हे पत्र वाचणाऱ्या प्रवाशांसाठी, नियम बदलेपर्यंत : माहितीपत्रकावर जाऊ नका, पॉलिसीचा पूर्ण मजकूर मागा. ‘अमुक तारखांना, अमुक देशात, अमुक मीटरपर्यंत जाणार आहे, उपचार, हेलिकॉप्टर आणि मृतदेह परत आणणे या तिन्हींचा खर्च मिळेल का?’ असा ईमेल पाठवा आणि लेखी उत्तर आल्यावरच पैसे भरा. फोनवरचे ‘हो सर, सगळं कव्हर आहे’ हे उत्तर नव्हे. रक्तदाब, मधुमेह लपवू नका. उंचीवरचा प्रत्येक त्रास मग त्याच्याशी जोडला जातो. मदत केंद्राचा क्रमांक ट्रेक लीडरकडे आणि घरच्यांकडेही ठेवा, आणि रुग्णालयात जाण्यापूर्वी किंवा जाताच तिथे नोंद करून संदर्भ क्रमांक लिहून घ्या. दावा फेटाळला गेला तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर पुण्यातच विमा लोकपालांचे कार्यालय आहे. कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत जायचे. पन्नास लाखांपर्यंतच्या दाव्यांना शुल्क लागत नाही, वकीलही लागत नाही. प्राधिकरणाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर आणि १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

महोदय, उन्हाळी सुट्टीच्या आणि वसंतातल्या ट्रेकच्या पॉलिसींची विक्री जानेवारीपासून वाढते. त्याआधी निदान अर्जावरच्या त्या दोन प्रश्नांपुरता आदेश निघावा. त्याला ना कायदा बदलावा लागतो, ना हप्ता वाढवावा लागतो. बाकी मागण्यांवर चर्चेला बोलावल्यास आम्ही निरनिराळ्या पॉलिसींतली कलमे शेजारी-शेजारी लावलेला तक्ता आणि ग्राहकांची नावे झाकलेली नकारपत्रे घेऊन हैदराबादला येऊ.

कळावे,
आपले,
पुण्यातील काही विमा सल्लागार, सहल-संयोजक आणि ट्रेक लीडर